कुत्र्यांच्या जातींवर बंदी : वाचकांचे प्रश्न आणि पशुवैद्यकाची उत्तरे

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धविकास विभागाने मार्च २०२४ मध्ये २३ प्रकारच्या कुत्र्यांना ‘हिंस्र’ ठरवणारे परिपत्रक काढले. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कुत्र्यांच्या जातींविषयीचे प्रश्न वाढत गेले, आणि काही जातींना हिंस्र म्हणून जाहीर करू पाहणाऱ्या गोव्यातील विधेयकाच्या बातम्यांनंतर ते आणखी वाढले. म्हणून या अंकातील सर्व जागा त्याच प्रश्नांना दिली आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकांना उत्तरे त्या मतासह तपासून पाहता येतील. जातीच्या नावावरून कुत्र्यांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला माझा विरोध आहे. हा विरोध जितका कुत्र्यांवर होणाऱ्या अन्यायामुळे आहे, तितकाच चाव्याने जखमी होणाऱ्या माणसांच्या काळजीमुळे आहे.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांचा रॉटवायलर आहे. तो आजवर कोणालाही चावलेला नाही. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सचिवांनी पत्र पाठवून कळवले की, केंद्र सरकारने या जातीवर बंदी घातली असल्यामुळे महिन्याभरात कुत्रा दुसरीकडे हलवावा. सर्वसाधारण सभेतही तसा ठराव झाला आहे. आम्ही काय करावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपला कुत्रा हलवण्याची गरज नाही, आणि तो हलवायला लावण्याचा अधिकार सोसायटीला नाही. सचिव ज्या ‘बंदी’चा दाखला देत आहेत ते १२ मार्च २०२४ चे परिपत्रक असावे. ते राज्य सरकारांना उद्देशून होते. या २३ प्रकारच्या कुत्र्यांच्या पैदाशीला व विक्रीला परवाने देऊ नयेत, त्यांची आयात थांबवावी आणि ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीपासून आहेत त्यांचे निर्बीजीकरण करून घ्यावे, असे त्यात म्हटले होते. घरात पाळलेला कुत्रा बाहेर काढा, असे त्यात कोठेही नव्हते. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे परिपत्रक रद्द केले. ज्यांच्यावर या निर्णयाचा परिणाम होणार होता त्यांचे म्हणणे ऐकून घेतलेले नाही, निर्णयामागची समिती नियमांना धरून नाही आणि कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या पलीकडे जाऊन हे परिपत्रक काढले आहे, अशी त्यामागची कारणे होती. त्यानंतर केंद्रानेच लोकांच्या हरकती व सूचना मागवण्याचे ठरवले.

ही यादी किती घाईने तयार झाली असावी, हे ती नुसती वाचली तरी कळते. ‘तोसा इनू’ आणि ‘जपानी तोसा’ ही एकाच कुत्र्याची दोन नावे त्यात वेगवेगळ्या ठिकाणी आली आहेत. ‘टेरिअर’ हा एका जातीचा नसून मोठ्या गटाचा शब्द आहे, आणि तो यादीत मोघमपणे घातलेला असल्यामुळे मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरिअरसुद्धा अक्षरशः अर्थ घेतल्यास हिंस्र ठरतो. तुर्कस्तानचा कांगल आणि बाल्कन प्रदेशातले शार्प्लानिनात्स व तोर्न्याक हे मेंढरांची राखण करणारे कुत्रे आहेत. आपल्याकडे चाव्यांच्या ज्या तक्रारी होतात त्यांत त्यांचे नाव कोणी घेत नाही, तरीही ते यादीत आहेत. चाव्यांच्या भारतीय नोंदी मांडून, त्यांचा अभ्यास करून ही नावे निवडली गेली असती, तर यादी अशी दिसली नसती.

सोसायटीविषयी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि बहुमताने ठराव केला तरी त्याने फरक पडत नाही. सचिवांना लेखी उत्तर द्या. त्याला महानगरपालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडा. परवाना काढला नसेल तर उत्तर देण्याआधी तो काढा, कारण ती आपली कायदेशीर जबाबदारी आहे आणि त्यावाचून आपली बाजू लंगडी पडते. कुत्र्याला जिन्यात आणि आवारात आखूड पट्ट्यावरच न्यावे, पट्टा अशा माणसाच्या हातात असावा ज्याला तो कुत्रा ओढून धरता येईल, आणि लिफ्टमध्ये लहान मूल किंवा घाबरणारी व्यक्ती असेल तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावे. सोसायटीतल्या लोकांची भीती खरी आहे. कायदा आपल्या बाजूने आहे एवढे सांगून ती जाणार नाही, पण आपण रोज कसे वागता हे पाहून ती कमी होऊ शकते.

प्रश्न : हणजूणला सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलने जीव घेतला, ती बातमी वाचल्यापासून मला झोप लागत नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि शेजारच्या बंगल्यात दोन पिटबुल आहेत. त्यांचे फाटक बरेचदा उघडेच असते. तुम्ही प्राण्यांचे डॉक्टर कुत्र्यांची बाजू घेता, पण एका आईला सांगा, असे कुत्रे पाळण्यावर सरळ बंदी घालण्यात चूक काय आहे?
– एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : आपली भीती अतिशय रास्त आहे आणि आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य फाटकाविषयीचे आहे. त्यावर मी येतोच, पण आधी आपण विचारलेल्या बंदीविषयी.

ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे जे घडले त्यासारखे पुन्हा कोठेही घडू नये, याविषयी दुमत असू शकत नाही. प्रश्न एवढाच आहे की, जातीवर बंदी घातल्याने ते टळते का. हा प्रयोग अनेक देशांनी आपल्या आधी केला आहे. नेदरलँड्समध्ये १९९३ पासून पिटबुल प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी होती. चाव्यांचे प्रमाण घटले नाही, हे दिसून आल्यावर तेथील सरकारने २००८ मध्ये ती मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. इटलीने २००३ मध्ये नव्वदहून अधिक जातींची यादी केली, नंतर ती छोटी केली आणि २००९ मध्ये यादीच रद्द करून भर मालकाच्या जबाबदारीवर दिला. डेन्मार्कने २०१० मध्ये १३ जातींवर बंदी घातली. त्या देशातील ओडेन्से शहराच्या रुग्णालयात बंदीपूर्वी आणि बंदीनंतर चाव्यांमुळे आलेल्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बंदीमुळे चावे कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. ब्रिटनने १९९१ मध्ये चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. तेव्हा ज्यांनी ती मागितली त्यांनाही आपल्यासारखीच मुलांची काळजी होती. मात्र इंग्लंडमध्ये चाव्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १९९८ मध्ये लाखामागे सुमारे ६ होते, ते २०१८ मध्ये सुमारे १५ झाले. बंदीने चावे वाढवले असे मी म्हणत नाही. ज्या कामासाठी ती आणली ते काम तिने केले नाही, एवढे मात्र या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

असे का होते, याचे उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासात बरेचसे मिळते. २००० ते २००९ या दहा वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्याच्या २५६ घटना संशोधकांनी पोलिसांच्या आणि प्राणी नियंत्रण विभागाच्या नोंदींवरून बारकाईने तपासल्या, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८७ टक्के घटनांत मध्ये पडून सोडवू शकेल असे सशक्त माणूस जवळ नव्हते. ८५ टक्के घटनांत बळी पडलेल्या व्यक्तीची कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा नाममात्र होती. ८४ टक्के घटनांत कुत्र्यांचे निर्बीजीकरण झालेले नव्हते. ७६ टक्के घटनांत कुत्रा घरातल्या माणसांत वाढलेला नव्हता, त्याला साखळीला, पिंजऱ्यात किंवा आवारात एकटे ठेवले जात होते. ३७ टक्क्यांहून अधिक घटनांत मालकाने त्या कुत्र्याच्या बाबतीत आधीही हलगर्जी केलेली होती. बहुतेक मृत्यूंच्या मागे अशी चार किंवा अधिक कारणे एकत्र आलेली होती. आणि जातीचे काय? ८० टक्क्यांहून अधिक घटनांत कुत्र्याची जात खात्रीने सांगताच आली नाही.

हे आकडे मी मुद्दाम विस्ताराने दिले, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातात असलेली आहे. कुत्रा साखळीला बांधून एकटा ठेवायचा की घरात माणसांत वाढवायचा, फाटक लावायचे की उघडे टाकायचे, एकदा कोणाच्या अंगावर गेला तर सावध व्हायचे की हसून सोडून द्यायचे, हे सगळे मालक ठरवतो. यादीत नाव असलेला कुत्रा बेजबाबदार मालकाच्या हातून काढून घेतला, तर तो मालक यादीत नसलेला दुसरा दांडगा कुत्रा आणतो आणि त्यालाही तसाच वाढवतो. त्याच्या शेजारच्या मुलाला आधी जेवढा धोका होता तेवढाच नंतरही राहतो.

एक गोष्ट मी नाकारत नाही. थोराड, ताकदवान जबड्याचा कुत्रा चावला तर जखम मोठी होते. पॉमेरेनियन चावल्याने टाके पडतील, पिटबुल किंवा रॉटवायलर चावल्याने जीव जाऊ शकतो. म्हणूनच असा कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी अधिक असली पाहिजे आणि ती कायद्याने अधिक ठेवायला माझी हरकत नाही. पण ताकद ही जातीच्या कागदावर नसते. गावठी आणि जर्मन शेफर्ड यांच्या संकरातून झालेला ४० किलोचा कुत्राही तितकीच इजा करू शकतो, आणि तो कोणत्याही यादीत सापडत नाही.

गोवा सरकारने २०२५ मध्ये जे विधेयक आणले, त्याच्या नावातच पैदाशीचे नियमन आणि भरपाई असे दोन्ही शब्द आहेत. हल्ला झाल्यास मालकाकडून भरपाई घेण्याचा भाग मला मनापासून पटतो. विशिष्ट जाती हिंस्र म्हणून जाहीर करण्याचा भाग मात्र ज्या वाटेने इतर देश जाऊन परत आले त्याच वाटेचा आहे. सरकारकडे जेवढी माणसे आणि जेवढा पैसा आहे तो जाती ओळखण्यात खर्च झाला, तर उघड्या फाटकांकडे पाहायला कोण उरणार, ही माझी चिंता आहे.

आता आपल्या शेजाऱ्यांविषयी. कुठल्याही बंदीची वाट न पाहता आजच करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. फाटक उघडे असताना कुत्रे बाहेर आल्याचे दिसले, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, शक्य असल्यास छायाचित्र काढा. नगरपालिकेला लेखी तक्रार देऊन या कुत्र्यांचा परवाना आणि लसीकरण आहे का, याची चौकशी करायला सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळलेल्या प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये याची पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम लागू होण्यासाठी प्रत्यक्ष चावा होण्याची गरज नाही, निष्काळजीपणा पुरेसा आहे. याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी एखादा धोकादायक प्राणी बंदिस्त ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. हे कलम त्या विशिष्ट प्राण्याकडे आणि त्या विशिष्ट जागेकडे पाहते, जातीकडे पाहत नाही, आणि म्हणूनच मला ते शहाणपणाचे वाटते. शक्य असेल तर तक्रारीआधी एकदा शेजाऱ्यांशी बोला. फाटकाला आपोआप लागणारी कडी आणि आतल्या बाजूला दुसरे कुंपण, एवढे त्यांनी केले तरी आपला निम्मा धोका टळेल. आणि मुलाला एक गोष्ट शिकवून ठेवा : अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्थिर उभे राहायचे, आणि पडलो तर गुडघे पोटाशी घेऊन मान व कान हातांनी झाकायचे.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या कारवानी कुत्रे आहेत. कारवानीला ससा दिसला की तो धावणारच, ते त्याच्या रक्तात आहे. मग पिटबुल झुंजीसाठी तयार केला असेल तर चावणे त्याच्या रक्तात असणार, हे मानायला काय हरकत आहे?
– एक वाचक, जत, जि. सांगली

उत्तर : आपला प्रश्न अनुभवातून आला आहे आणि त्याचे उत्तर ‘रक्ताला काही अर्थ नाही’ असे देणे खोटे होईल. कारवानीची सडपातळ देहयष्टी, लांब पाय, खोल छाती आणि हलणाऱ्या वस्तूकडे झेपावणारी नजर ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आली आहे. मात्र या निवडीचा प्रभाव किती, हे मोजण्याचा मोठा प्रयत्न झाला असून त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी आपापल्या कुत्र्याच्या वागण्याविषयी दिलेली माहिती आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे डीएनए एकत्र तपासले, तेव्हा एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे स्पष्टीकरण जातीवरून सुमारे ९ टक्केच मिळते, असे दिसले. हाकेला ओ देणे, काम शिकणे अशा काही गुणांत जातीचा प्रभाव तुलनेने अधिक होता. कुत्रा किती सहज चिडतो, यात तो फारच कमी होता.

दुसरे असे की, झुंजीसाठी पैदास केलेल्या कुत्र्यांची निवड दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडण्यासाठी झाली होती. झुंजीच्या रिंगणात माणसे शिरून कुत्र्यांना हातांनी सोडवत असत, आणि माणसाला चावणारा कुत्रा त्या लोकांच्या कामाचा नव्हता. म्हणजे रक्ताचाच हिशेब मांडायचा, तर तो माणसावरच्या हल्ल्याकडे सरळ नेत नाही. दुसऱ्या कुत्र्यांशी अशा कुत्र्याचे जमेल की नाही, याची काळजी मालकाने जरूर घ्यावी.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. आपण कारवानी ओळखता, कारण आपल्या घरात त्याच्या पिढ्या गेल्या आहेत आणि त्याची आई कोणती, बाप कोणता हे आपल्याला तोंडपाठ आहे. शहरातल्या ‘पिटबुल’विषयी असे कोणालाच सांगता येत नाही. रुंद डोके, आखूड केस आणि भरदार छाती दिसली की लोक त्याला पिटबुल म्हणतात. फ्लॉरिडा राज्यातील निवारागृहांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज कुत्रे हाताळणाऱ्या अनुभवी कर्मचाऱ्यांनी पिटबुल म्हणून ओळखलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच कुत्र्यांच्या डीएनएमध्ये त्या वंशाचा अंश आढळला नाही. जाणकारांची ही गत असेल, तर महापालिकेच्या निरीक्षकाने किंवा सोसायटीच्या रखवालदाराने केलेल्या निवाड्यावर एखाद्या प्राण्याचा जीव आणि एखाद्या कुटुंबाची अब्रू सोपवणे मला अमान्य आहे.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कुटुंबाकडून संकरित पिल्लू घेतले. ते आता मोठे झाले असून इथले लोक त्याला एक्सएल बुली म्हणू लागले आहेत. त्याचे आईवडील त्या जातीचे नव्हते असे आम्हाला सांगितले होते. आम्हाला काळजी करण्याचे कारण आहे का?
– एक मराठी कुटुंब, रेडिंग, इंग्लंड

उत्तर : दुर्दैवाने आहे, आणि उशीर करू नका. इंग्लंड व वेल्समध्ये ३१ डिसेंबर २०२३ पासून एक्सएल बुलीची पैदास, विक्री, देणगी आणि मुसकीविना सार्वजनिक जागी नेणे बेकायदा झाले, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सूट-प्रमाणपत्राविना (म्हणजे बंदीतून सूट देणाऱ्या सरकारी परवानगीविना) असा कुत्रा बाळगणे हाच गुन्हा झाला. प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याची नेहमीची मुदत संपली आहे. आईवडील कोण होते याला तिथे महत्त्व नाही, डीएनए चाचणीलाही नाही. कुत्र्याचे बाह्य रूप सरकारी वर्णनाशी पुरेसे जुळते का, हे पाहतात. नराची खांद्यापर्यंतची उंची ५१ सेंटिमीटर आणि मादीची ४८ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, ही त्यातली पहिली अट आहे. कुत्र्याच्या उंचीची आणि डोक्याची मापे घरी घेऊन सरकारी वर्णनाशी ताडून पाहा, आणि शंका राहिली तर श्वानविषयक खटल्यांचा अनुभव असलेल्या वकिलाला लगेच भेटा. खटला उभा राहिलाच, तर आपला कुत्रा बंदी असलेल्या प्रकारचा नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तथापि कुत्रा लोकांना धोकादायक नाही असे न्यायालयाला पटले, तर निर्बीजीकरण, मायक्रोचिप, तृतीय पक्षाचा विमा, बाहेर नेताना पट्टा आणि मुसकी या अटींवर त्याला जिवंत ठेवण्याची मुभा न्यायालय देऊ शकते. मुसकीची सवय आजपासून लावायला घ्या. पहिले काही दिवस तिच्यात खाऊ ठेवून कुत्र्याला आपण होऊन तोंड घालू द्या, जबरदस्ती करू नका.

आपले पत्र वाचताना मला बेलफास्टचा लेनॉक्स आठवला. उत्तर आयर्लंडमध्येही असाच कायदा आहे. लेनॉक्सने कोणालाही चावल्याची नोंद नव्हती. तरीही पिटबुलसारखा दिसतो म्हणून २०१० मध्ये पालिकेने त्याला एका कुटुंबाच्या घरातून नेले, मालकांनी दोन वर्षे न्यायालयात झुंज दिली, जगभरातून लाखो लोकांनी त्याच्यासाठी सह्या केल्या, आणि जुलै २०१२ मध्ये त्याला मारण्यात आले. काहीही न केलेल्या प्राण्याला केवळ त्याच्या रूपामुळे मृत्यूची शिक्षा देणारा कायदा कोणत्याही समाजाला शोभत नाही, असे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे. शिवाय १९९१ ची चार नावांची यादी असतानाच एक्सएल बुली हा नवा प्रकार पैदा झाला आणि वाढला. उद्या यादीत पाचवे नाव असताना सहावा प्रकार येईल. दांडगा कुत्रा हवा असणाऱ्यांची मागणी आणि ती पुरवणारे पैदासकार यांना हात न लावता यादी लांबवत राहिल्यास दुसरे काय होणार?

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. जातीवरील बंदी नको हे मान्य केले, तरी आपल्याकडे मालकाला जबाबदार धरणारे कायदे कागदावरच आहेत. मग पर्याय काय?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : आपला आक्षेप बरोबर आहे आणि बंदीला विरोध करणाऱ्यांनी त्याला प्रामाणिकपणे सामोरे जायला हवे. मुंबईतलेच उदाहरण घ्या. नेपियन सी रोड भागात २०१० मध्ये एका व्यक्तीला रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली, ती २०२३ मध्ये. शिक्षा झाली हे चांगले झाले, पण तोवर बारा वर्षांहून अधिक काळ उलटला होता, आणि रॉटवायलरचे सर्वसाधारण आयुष्यही तेवढे नसते. अशा विलंबामुळेच लोकांना बंदी हा झटपट उपाय वाटू लागतो. लखनौला जुलै २०२२ मध्ये एका वृद्धेचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यावर काही महिन्यांतच गाझियाबाद आणि कानपूरच्या महापालिकांनी जातींवर बंदी घातली. परवाने तपासण्याची रोजची, कंटाळवाणी मोहीम राबवण्यापेक्षा ते सोपे होते.

झटपट दिसणारा हा उपाय स्वस्तही नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने पिटबुलवर बंदी घातली होती. तिने नेमलेल्या समितीने २००३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या बंदीच्या अंमलबजावणीवर वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक खर्च होत असून सार्वजनिक सुरक्षिततेत सुधारणा झाल्याचे दिसत नाही, असे तिने नोंदवले आणि बंदी उठवण्याची शिफारस केली. डेन्व्हर शहरात १९८९ पासून असलेली बंदी नागरिकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मतदानाने उठवली आणि तिच्या जागी परवान्याची व्यवस्था आणली.

कॅनडातील कॅलगरी शहराने वेगळी वाट धरली. तेथे जातींची यादी नाही. प्रत्येक कुत्र्याचा परवाना आवश्यक आहे, परवाना नसल्यास दंड आहे, कुत्रा अंगावर गेला किंवा चावला तर दंड वाढत जातो, आणि ज्या कुत्र्याने धोकादायक वर्तन केले त्याच्यावर कडक अटी येतात. परवान्यांच्या पैशांतून हरवलेले कुत्रे घरी पोहोचवणे आणि लोकशिक्षण ही कामे होतात, म्हणून लोकही परवाना काढतात. आपल्याकडे यातले काही नव्याने शोधावे लागणार नाही. महापालिकांकडे परवान्याची तरतूद आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार कुत्र्याला आखूड किंवा अवजड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हे गुन्हे आहेत. माझ्या मते माणसांच्या सुरक्षेच्या दृष्टीने त्या कायद्यातील ही फार मोलाची वाक्ये आहेत, कारण बांधून एकटा पाडलेला कुत्राच पुढे घाबरट आणि चावरा होतो. २०१७ च्या नियमांनुसार पैदासकारांची नोंदणी सक्तीची आहे.

उणीव आहे ती तीन ठिकाणी. कलम ११ खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, तो बदलला पाहिजे. कुत्रा पहिल्यांदा कोणाच्या अंगावर गेला, त्याच वेळी त्या कुत्र्याची तपासणी, मुसकीची सक्ती आणि मालकाला प्रशिक्षणाची अट घालणारी जलद यंत्रणा पालिका स्तरावर हवी. आणि जखमीला उपचाराचा खर्च दिवाणी दाव्याची वाट न पाहता मालकाकडून मिळाला पाहिजे. आपण विधी शाखेत आहात, तर या तिसऱ्या मुद्द्यावर आपण अभ्यास करावा, अशी माझी विनंती आहे. त्यावर काम करणारी माणसे फार थोडी आहेत.

प्रश्न : परिपत्रक रद्द झाले म्हणजे आता पिटबुल घ्यायला हरकत नाही ना? राखणीसाठी हवा आहे. आमच्या ओळखीचा एक जण महिन्याभराची पिल्ले विकतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कायद्याने मना नाही म्हणून आपण तो घ्यावा, असे मी सांगणार नाही. राखणीसाठी साखळीला बांधायचा असेल, तर कोणत्याच जातीचे पिल्लू घेऊ नका. राखणीला चांगले कुलूप आणि प्रकाश अधिक उपयोगी पडतात. घरात, माणसांत वाढवायची तयारी असेल, रोज सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवणारे आणि ओढून धरू शकणारे माणूस घरात असेल, आणि पुढची दहा-बारा वर्षे हे चालवता येणार असेल, तरच पुढचा विचार करा. आणि तेव्हाही आधी जवळच्या निवारागृहात जाऊन पाहा, कारण हौसेने घेऊन सोडून दिलेले मोठे कुत्रे तिथे आहेत.

आपल्या ओळखीच्या माणसाकडून पिल्लू मुळीच घेऊ नका. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकणे नियमांविरुद्ध आहे. आईपासून आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा, याचे भान येत नाही, आणि जी गोष्ट त्याला खेळता खेळता फुकट शिकता आली असती ती पुढे आपल्याला फार कष्टाने शिकवावी लागते. कोणत्याही विक्रेत्याकडे गेलात तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडील नोंदणी दाखवायला सांगा आणि पिल्लाची आई पाहायला मागा. तो आई दाखवायला तयार नसेल, तर तेथून परत या आणि त्याची माहिती मंडळाला लेखी कळवा.